मंदी, मदत आणि तहकुबी

सधन राष्ट्रांत मंदी आली, की तेथील विधिमंडळांत एक युक्तिवाद हटकून डोके वर काढतो: स्वगृही चणचण असता परक्यांच्या दारी अन्नछत्र कशासाठी? त्यास विद्वत्तेचा आधार दिला तो झांबियात जन्मलेल्या अर्थशास्त्रज्ञ डंबिसा मोयो यांनी. मदतीने राज्यकर्ते बेजबाबदार व प्रजा परावलंबी होते, सबब पाच वर्षांत ती आटोपती घेऊन आफ्रिकी राष्ट्रांनी रोखेबाजारात भांडवल उभारावे, असे त्यांनी 2009 सालच्या आपल्या ग्रंथात प्रतिपादिले. हा पूर्वपक्ष उपेक्षणीय नाही. त्याच वर्षी झांबियाच्या आरोग्यखात्यातील अफरातफर उघडकीस येऊन काही दात्यांनी हात आखडले होते.

प्रथम चणचणीविषयी. राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.7 टक्के मदत द्यावी, हे लक्ष्य संयुक्त राष्ट्रांनी 1970 साली ठरविले आणि बहुतेक दात्यांनी ते कधीच गाठले नाही. ब्रिटनने 2015 साली त्याचा कायदा केला, पण 2021 साली प्रमाण 0.5 वर आणले, म्हणजे शंभर पौंडांमागे बचत झाली वीस पेन्सची. स्पेनने तर 2012 साली मदत जवळजवळ निम्म्याने कापली. एवढ्याने कोणाचे घर सावरले, हे सांगण्याची तसदी या काटकसरीच्या पुरस्कर्त्यांनी घ्यावयास हवी होती.

ज्या देशाच्या निर्यातीचा बहुतांश एका तांब्यावर उभा आहे, त्यास मंदी कशी गाठते ते पाहावे. 2008 च्या मध्यास टनामागे 8,000 डॉलरांवर असलेला भाव वर्षअखेरीस 3,000 च्या आसपास आला आणि झांबियातील लुआन्शाची खाण बंद पडली. न्यूयॉर्कच्या पेढ्यांचे नावही ज्याने ऐकले नव्हते, अशा खाणकामगाराची रोजी त्या पेढ्यांच्या पापाने गेली. ज्या घटकेस सरकारचा महसूल बुडतो, नेमक्या त्याच घटकेस दात्याचा हातही आखडतो, हा या व्यवस्थेतील खरा दोष होय. मोयोबाईंच्या विवेचनात त्यास द्यावयास हवे तेवढे वजन नाही.

रोखेबाजाराचा उपाय झांबियाने करून पाहिला. 2012 ते 2015 या काळात त्याने तीन वेळा मिळून 3 अब्ज डॉलरांचे रोखे विकले. 2020 साली महामारीने अर्थव्यवहार ठप्प होताच व्याजाची तहकुबी मागितली. रोखेधारकांनी ती नाकारली आणि नोव्हेंबरात देश थकबाकीदार ठरला. बाजार सुबत्तेत कर्ज देतो नि विपत्तीत वसुलीस येतो. हे सावकारी पाशांच्या कथा ऐकलेल्या आपल्या मुलखास नव्याने सांगावयास नको.

मग मंडन कशाचे? दात्याच्या मर्जीवर चालणाऱ्या दानाचे नव्हे, तर नियमबद्ध हक्काचे. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रात आकारास आलेल्या आणि 1977 च्या अधिनियमाने कायद्याचे रूप मिळालेल्या रोजगार हमीत शहरातील पगारदारावर व्यवसाय कर बसला आणि अवर्षणात काम मागणाऱ्यांची संख्या वाढली म्हणजे खर्चही वाढावा, अशी योजना झाली. हजेरीपटांवर बनावट नावे चढली, हे खरे. पण त्यावर शहाणा उपाय हजेरीपट तपासण्याचा असतो, हक्क रद्द करण्याचा नव्हे. आरोग्यखात्यातील अफरातफरीसही हेच उत्तर. कर्जाच्या बाबतीत तर आपली आणेवारीची जुनी पद्धत पुरेशी मार्गदर्शक आहे: पीक ठरावीक आण्यांखाली उतरले, की शेतसाऱ्याला तहकुबी मिळे, आणि ही तजवीज परकीय सरकारच्याही नियमांत होती. तांब्याचा भाव ठरावीक मर्यादेखाली गेल्यास हप्ता तहकूब आणि मदत वाढती, एवढे कलम दस्तऐवजांत घालणे अशक्य कोटीतील खचितच नाही.

कारण उलट दिशेचे कलम घातले गेलेच आहे. झांबियाच्या रोख्यांची फेरजुळणी 2024 च्या जूनमध्ये, थकबाकीनंतर साडेतीन वर्षांनी पुरी झाली. तीत देशाची परिस्थिती अपेक्षेहून सुधारल्यास रोखेधारकांना अधिक व्याज व लवकर परतफेड द्यावी, अशी तरतूद आहे.