चार ग्लास आणि धनजची ज्वारी

परवाच्या शनिवारी पुण्यात नव्याने उघडलेल्या एका छोट्या ब्रुअरीत जाऊन आलो. सोबत होते धनजचे मामा. धनज म्हणजे कारंजा तालुक्यातलं, वाशीम जिल्हा. मामा ट्रॅव्हल्सने काही कामासाठी आले होते. स्वतः थेंब घेत नाहीत, पण 'बनवतेत कशी ते पाहू' म्हणाले.

लाकडी पाटीवर चार छोटे ग्लास आले. मी चव घेणार, मामा वास घेणार असं ठरलं. पहिली गव्हाची, जर्मन पद्धतीची. मामांनी हुंगलं, "केळं टाकलं काय बे याच्यात?" केळं कुणी टाकत नाही, तो वास यीस्टचा. मला चारांत हीच आवडली, लवंगेची हलकी चवही होती. दुसरी धणे आणि संत्र्याची साल घातलेली, ठीक. तिसरी आयपीए, म्हणजे कडुनिंबाचा काढा. तिच्यात हॉप्स इतके, की माल्टची चवच हरवली होती. चौथी काळीकुट्ट स्टाउट. "पोळी करपली," मामा. अगदी बरोबर, ते भाजलेलं बार्लीच असतं.

मेनूवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : 'आपल्या मातीतली बियर'. मामांनी ते वाचलं आणि विचारलं, "याच्यात आपलं काय हाय?"

मी बनवणाऱ्या पोराला विचारलं. माल्ट थोडं राजस्थानातल्या बार्लीचं, बाकी जर्मनीचं. हॉप्स जर्मनी-अमेरिकेचे. यीस्ट पाकिटातलं, तेही परदेशी. राहिलं पाणी.

"पाणी तं खडकवासल्याचं," मामा म्हणाले. "म्हणजे पाण्यालेच माती म्हणतेत वाट्टे."

माझी तक्रार या एका जागेबद्दल नाही. पुण्यात 2009 साली डूलाली सुरू झालं, तेव्हापासून ताजी बियर आपल्याकडे रुजली, आणि चांगलं झालं. बाटलीतल्या त्याच त्या पिवळ्या पाण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं. पण 'लोकल' म्हणायचं तर धान्याचा प्रश्न येणारच. आफ्रिकेत ज्वारीची बियर पिढ्यान् पिढ्या होते. आपल्याकडे ज्वारी आहे, तंत्र शिकलेली पोरं आहेत, मग अडतं कुठे?

थोडं अडतं, हे खरं. ज्वारीचा स्टार्च शिजायला बार्लीपेक्षा जास्त तापमान लागतं, तिला टरफल नसल्यामुळे गाळताना लगदा बसतो. पण तिसरा हिस्सा ज्वारी, बाकी बार्ली असं केलं तर भागतं. आणि लाह्या वापरल्या तर? लाही फुटताना स्टार्च आधीच शिजलेला असतो. नागपंचमीला घरोघरी होतात त्याच लाह्या!

आता तुम्ही म्हणाल, दारूसाठी धान्य? हा वाद जुना आहे. 2007 साली राज्य सरकारने धान्यापासून मद्यार्क करणाऱ्या कारखान्यांना प्रोत्साहनाचं धोरण आणलं, तेव्हा डॉ. अभय बंगांसारख्यांनी कडाडून विरोध केला. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे, ती अशाच लोकांच्या चळवळीतून आली. धनजला मामांच्या गल्लीतली दोन घरं दारूने बसली, त्या घरातल्या बायकांना माझा हा 'क्राफ्ट' समजावून सांगायची माझी हिंमत नाही.

तरी एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. परतीच्या पावसात काळी पडलेली ज्वारी मद्यार्काला चालते, तिथे स्वस्त माल हवा असतो. माल्टचं तसं नाही. दाण्याला मोड यायला हवा, म्हणजे दाणा जिवंत हवा. बुरशी लागलेली ज्वारी तिथे नापास. म्हणजे चांगल्या दाण्याला चांगला भाव देणारं गिऱ्हाईक. वऱ्हाडात ज्वारी मागे पडली ती याच भावापायी (आणि पाखरं, रानडुकरं, मळणीला न मिळणारा मजूर यांच्यापायी). बैल कमी झाले, कडब्याची गरज संपली, सोयाबीन आलं. मामांनीही ज्वारी सोडून बरीच वर्षं झाली.

मी उत्साहात मोबाईलवर हिशेब मांडला. हजार लिटरला साधारण 200 किलो माल्ट. महिन्याला दहा हजार लिटर धरले आणि तिसरा हिस्सा ज्वारी, तर वर्षाला 80 क्विंटलच्या आसपास.

"आन् एकरी धर आठ-दहा," मामा म्हणाले. "म्हणजे आठ-दहा एकर. माह्या एकट्याचं वावर पुरते की बे! तुह्या बियरनं वऱ्हाड वाचत नाही."

नाही वाचत. पण पाटीवर 'धनजची ज्वारी' लिहिता येईल आणि ते खरं असेल, एवढ्यासाठी मी दहा रुपये जास्त देईन. तुम्ही द्याल का, ते बघा.

निघताना मामा मागच्या दाराशी थांबले. तिथे वापरलेल्या धान्याचा ओला चोथा पिंपात भरून ठेवला होता. त्यांनी मूठभर उचलला, वास घेतला, बोटांत चुरला.

"हा कुठं जाते?"

गोठेवाले घेऊन जातात, पोरगा म्हणाला.

"काय भावानं?"

चारी ग्लासांपेक्षा जास्त वेळ मामा त्या पिंपापाशी होते.