झंझट नसलेला पाहुणा

वाचकहो, काही पाहुणे घरात येतात ते आपल्या आगमनाची द्वाही फिरवीत. काही असे येतात की ते आहेत की गेले, हेही यजमानास कळू नये. दुसऱ्या प्रकारचा एक पाहुणा गेल्या दिवाळीनंतर आमच्या घरी आला. त्याने आम्हांस जो धडा दिला, तो सांगितल्यावाचून राहवत नाही.

आमचा एक भाचा परदेशी असतो. त्याच्या दिवाणखान्यात काचेची मोठी पेटी, पेटीत खारे पाणी, प्रवाळ आणि त्यांच्यामध्ये निळ्या मखमलीची झालर पसरून बसलेला एक महाशिंपला आहे. त्याचे छायाचित्र पाहून आमच्या धाकट्या चिरंजीवांनी हट्ट धरला, ‘आपल्याकडेही हवा.’ आम्ही मुख्याध्यापकी थाटात समजूत घातली. हा जीव लक्षद्वीप-अंदमानच्या प्रवाळसागरातला. त्याच्या मांसात राहणारी सूक्ष्म शैवाले प्रकाशावर अन्न तयार करून त्याला पोसतात. शिवाय २००१ पासून आपल्याकडे त्याच्या काही जाती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीस बसल्या आहेत. वाघाचे नाव निघताच हट्ट निम्मा झाला. उरलेल्या निम्म्यापायी चिरंजीवांनी बाजारातून गोड्या पाण्यातला साधा शिंपला आणला.

‘इसकी कोई झंझट नहीं,’ दुकानदाराने सांगितले होते, ‘पानी का कचरा खाता है।’

आमच्या पेटीत कचरा औषधालाही नव्हता. २०१७ मध्ये इंदूर देशातील सर्वांत स्वच्छ शहर ठरले, तेव्हापासून स्वच्छतेचा आम्हां इंदूरकरांना अभिमानच जडला आहे. फिल्टर रात्रंदिवस चाले, पाणी आरशासारखे. पाहुणा वाळूत रुतून बसला. ‘किती गुणी!’ सौभाग्यवती म्हणाल्या. ‘काही म्हणजे काही त्रास नाही.’ आम्हीही मान डोलावली.

पाचव्या आठवड्यात पेटीला दुर्गंधी सुटली. दोन मासे उलटे तरंगत होते आणि शिंपला वासलेला होता. स्पर्श करूनही मिटेना. चिरंजीवांनी विचारले, “बाबा, तो उपाशी होता का हो?” मराठीचे एम. ए. असलेल्या आम्हांस उत्तर देता आले नाही.

शाळेतील जीवशास्त्राच्या गुरुजींनी ते दिले. “सर, शिंपला कचरा खात नाही. वाळूत पाय रोवून तो दोन छिद्रे उघडी ठेवतो. एकातून पाणी आत घेतो, कल्ल्यांच्या चाळणीने त्यातील सूक्ष्म शैवाल टिपतो आणि दुसऱ्यातून पाणी सोडतो. तळ्याच्या हिरवट पाण्यात त्याचे ताट सदैव वाढलेले असते. तुमचा फिल्टर ते ताट आधीच उचलून नेत होता. अंगच्या साठ्यावर तो काही आठवडे तग धरतो, म्हणून सारे ठीक भासते. कवच मिटून धरायला स्नायूंचे बळ लागते. ते सरले की कवच आपोआप उघडते. मग कुजणाऱ्या देहातला अमोनिया माशांनाही घेऊन जातो.”

माघात दुसरा शिंपला आणला, तो मात्र रीतसर. तळाशी चार बोटे बारीक वाळू घातली. पिशवी आधी पेटीच्या पाण्यावर तरंगत ठेवून, मग तीत पेटीचे पाणी थोडे थोडे मिसळून तासाभराने पाहुण्यास आत सोडले. १९७८ पासून इंदूरला नर्मदेचे पाणी मिळते. पण नळातून ते क्लोरीन घेऊन येते. म्हणून उघड्या बादलीत दिवसभर ठेवूनच वापरले. तांबेयुक्त मत्स्यौषधे वर्ज्य केली. गच्चीवर काचेच्या बरणीत उन्हाने हिरवे झालेले पाणी चिरंजीव रोज थोडे घालतात आणि तेवढा तासभर फिल्टर बंद ठेवतात.

येथे हा लेख संपावयास हवा होता. परंतु त्याच सुमारास नववीचे प्रगतिपत्रक आमच्यासमोर सहीस आले. एका मुलापुढे वर्गशिक्षकांनी लिहिले होते, ‘वर्तन उत्तम. कोणतीही तक्रार नाही.’ लेखणी अडली. हा मुलगा शेवटच्या बाकावर बसतो, एवढेच आम्हांस ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मुद्दाम पाहिले. इतर मुले डबे उघडीत होती. हा नळावर ओंजळीने पाणी पीत होता. शासनाचे मध्यान्ह भोजन आठवीपर्यंत मिळते. आठवीपर्यंत हाही पंगतीत जेवत होता. नववीत गेला आणि त्याचे ताट उचलले गेले. त्याने तक्रार केली नाही. आम्ही त्याला उत्तम वर्तन म्हटले.

शिक्षकवृंदाने आपसांत काय व्यवस्था केली, ते सांगण्याजोगे मोठे नाही, आणि त्या मुलाच्या मानासाठी सांगणे योग्यही नाही. एवढेच सांगतो की ‘तक्रार नाही’ असा शेरा दिसला की आता आम्ही सही करण्यापूर्वी त्या मुलास बोलावून घेतो.

घरी शिंपला वाळूत उभा आहे. चिरंजीव शाळेला निघताना पेटीपाशी वाकतात, दोन्ही छिद्रे उघडी आहेत ना ते पाहतात, आणि मगच दप्तर उचलतात.