कमांड दिली, पण ती झाली का? जेमिनी सीएलआयच्या गोंधळातलं तांत्रिक कारण

एआय नुसती उत्तरं देत होता तोवर ठीक होतं. आता जेमिनी सीएलआय, क्लॉड कोडसारखी टूल्स तुमच्या कॉम्प्युटरवर थेट कमांड चालवतात. यात काय बिघडू शकतं, हे जुलै २०२५ मध्ये जेमिनी सीएलआयच्या एका वापरकर्त्याने सविस्तर लिहिलं. त्याच्या फाइल्स गेल्या होत्या.

काम साधं होतं: नवा फोल्डर बनव आणि फाइल्स तिकडे हलव. त्याच्या म्हणण्यानुसार फोल्डर बनवायची कमांड फसली, पण एआयने फोल्डर झालाय असं धरलं आणि फाइल्स हलवायला घेतल्या. आता विंडोजची गंमत बघा. फाइल जिथे टाकायची तो फोल्डरच नसेल, तर 'मूव्ह' कमांड तक्रार करत नाही, फाइललाच ते नाव देऊन मोकळी होते. दुसऱ्या फाइललाही तेच नाव मिळालं की पहिली पुसली जाते. तिसरी आली की दुसरी गेली. शेवटी उरते एकच.

मला यात एआयच्या अकलेपेक्षा प्रोग्रामिंगमधला जुना आळस जास्त दिसतो. प्रोग्राममधून कुठलीही शेल कमांड चालवली की ती संपताना एक आकडा परत देते, एक्झिट कोड. ० म्हणजे झालं, दुसरं काहीही आलं तर गडबड. फोनवर टर्मक्स असेल तर करून बघा: नसलेल्या फोल्डरमध्ये 'सीडी' करा, मग 'एको' लिहून पुढे डॉलर आणि प्रश्नचिन्ह टाका. १ दिसेल. एरर मेसेजही वेगळ्या वाटेने येतो, प्रोग्रामने तोही वाचायला हवा.

पण खरी मेख पुढे आहे. अशा प्रकारात 'मूव्ह' स्वतः ० च देते, कारण तिच्या दृष्टीने काम झालेलं असतं! त्यामुळे नुसता कोड तपासून भागत नाही. फोल्डर खरंच तयार झालाय का, हे पुढचं पाऊल टाकण्याआधी यादी काढून बघावं लागतं. तेवढी एक कमांड जास्त चालवली असती तर फाइल्स वाचल्या असत्या.

ही टूल्स कमांडआधी सहसा परवानगी मागतात. चार वेळा विचारलं की आपण वैतागून 'नेहमी परवानगी द्या' दाबतो, ॲप टाकताना कॉन्टॅक्ट्सची देतो ना, अगदी तसंच. डिलीट आणि मूव्हसाठी मी तरी ते बटण दाबत नाही. आणि गिटमध्ये कमिट केल्याशिवाय एजंटला प्रोजेक्टला हातही लावू देत नाही.