मुंगीची हाक

सातवीच्या वर्गात हजरत सुलैमान (अलैहिस्सलाम) यांचा विषय निघाला, तेव्हा एका मुलाने विचारले, “त्यांची जहाजं आपल्या सोपाऱ्याला आली होती, हे खरं का?”

प्रश्न मोठा गोड होता. त्यांच्या जहाजांनी ‘ओफीर’हून सोने आणल्याचा उल्लेख बायबलमध्ये आहे. ओफीर म्हणजे आपले नालासोपारा, असे काही अभ्यासकांनी सुचवले. इतरांनी अरबस्तान, आफ्रिकेकडे बोट दाखवले. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना इथे सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पण अशोक हजरत सुलैमान यांच्यानंतर सुमारे सातशे वर्षांनी झाला. म्हणून आम्ही मुलांना सांगितले, “पुरावा नाही, तेव्हा छातीठोकपणे सांगू नये.” मुले जराशी हिरमुसली.

मग आम्ही सूरह नम्लमधला प्रसंग सांगितला. जिन्न, माणसे आणि पक्षी यांची फौज घेऊन सुलैमान (अ.स.) निघाले होते. वाटेत एका मुंगीने आपल्या सोबतिणींना सावध केले, बिळात शिरा, नाहीतर ही फौज नकळत तुम्हांला तुडवील. बादशहाने ते ऐकले, स्मित केले आणि अल्लाहतआलाकडे शुक्र अदा करण्याची व नेक अमल करण्याची तौफीक मागितली.

“नकळत” या शब्दाशी आम्ही अडखळलो. मुंगीने बादशहाला जालीम म्हटले नव्हते. बळ असलेल्याच्या पायाखाली दुबळे बहुधा असेच येतात, त्याला पत्ताही नसतो.

मागच्या बाकावरच्या एका मुलाला आम्ही महिनाभर वहीतल्या चुकांवरून सर्वांदेखत बोलत होतो. शेवटी त्याची अम्मी भेटायला आली तेव्हा कळले, त्याला फळ्यावरचे नीट दिसतच नव्हते. त्याने एकदा सांगायचा प्रयत्नही केला होता. आम्ही “गप्प बस” म्हटले होते. त्याला पुढच्या बाकावर बसवले, त्याची माफीही मागितली. चष्मा आल्यावर अक्षर सुधारले. आमच्याशी मोकळेपणाने बोलायला मात्र त्याला बराच वेळ लागला.

वाचकहो, आपल्याकडे फौज नाही, पण प्रत्येक घरात कुणाचा तरी आवाज मोठा असतोच. कधी तो अब्बांचा, कधी सासूबाईंचा, कधी कमावत्या मुलाचा. आज दस्तरख्वानावर सर्वांत कमी बोलणाऱ्याला आधी बोलू द्या. धाकटी सून असेल, म्हातारी दादी असेल, कामाला येणारी बाई असेल.

जहाजे सोपाऱ्याला आली की नाही, अल्लाह जाणे. मुंगीची हाक मात्र आपल्या घरापर्यंत आली आहे.