परवाना देणारे आणि परवान्यावर जगणारे

१९७६ साली, देशावर आणीबाणीचे सावट असताना, दोन शेजारी विधानसभांनी जुगाराविषयी दोन कायदे केले. महाराष्ट्राने कॅसिनोंना परवाने देण्याचा, त्यांवर नियंत्रण ठेवण्याचा व कर बसविण्याचा कायदा संमत केला. गोवा, दमण व दीव या तत्कालीन संघप्रदेशाने सार्वजनिक जुगारास मनाई करणारा कायदा केला. कागदावर पाहू गेल्यास कॅसिनो महाराष्ट्रात उभे राहावयास हवे होते आणि गोवा त्यांपासून मुक्त राहावयास हवा होता. घडले ते नेमके उलट. महाराष्ट्राचा कायदा एक दिवसही अंमलात आला नाही व २०२३ साली तो रद्द झाला. गोव्याच्या मनाईच्या भिंतीला मात्र सरकारनेच खिडकी पाडली आणि त्या खिडकीतून आलेली जुगाराची जहाजे आज पणजीसमोर मांडवीच्या पात्रात नांगर टाकून उभी आहेत.

हा प्रश्न पुणेकरांना परका नाही. या धंद्यातील देशातील सर्वांत मोठी कंपनी जी डेल्टा कॉर्प, तिच्या वार्षिक अहवालांवर नोंदणीकृत कार्यालय म्हणून वर्षानुवर्षे पुण्याच्या जनरल थिमय्या मार्गावरील पत्ता छापला गेला. जहाजे गोव्याच्या नदीत, नोंदणी पुण्यात, भागभांडवल मुंबईच्या शेअरबाजारात, आणि डावावर बसणारे पुणे, कोल्हापूर, बेळगाव, हुबळीचे! भांडवलाला प्रांताची सीमा नसते. सीमा आडवी येते ती केवळ त्याला जाब विचारू पाहणाऱ्याला.

खिडकी कशी पाडली गेली, ते पाहण्याजोगे आहे. १९९२ साली कायद्यात दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत विजेवर चालणाऱ्या खेळयंत्रांना मुभा मिळाली. १९९६ साली आणखी एक दुरुस्ती आली व किनाऱ्यापासून दूर असलेल्या जहाजांवर पटावरील जुगारास परवानगी देण्यात आली. 'किनाऱ्यापासून दूर' या शब्दांनी सामान्य माणसाच्या मनात समुद्राचे चित्र उभे राहते. प्रत्यक्षात धक्क्यावरून छोट्या नावेत बसले की काही मिनिटांत जहाज येते. जहाजे नदीबाहेर हलविण्याच्या घोषणा अनेकदा झाल्या. काँग्रेसच्या राजवटीत परवाने वाढले. तेव्हा विरोधी बाकांवरून मनोहर पर्रीकर यांच्या पक्षाने कॅसिनोंविरुद्ध आवाज उठविला. २०१२ साली तोच पक्ष सत्तेवर आला. जहाजे हलली नाहीत. मुदतवाढी मात्र मिळत गेल्या.

या अपवादाच्या बळावर कंपनी वाढली. पूर्वी अ‍ॅरो वेबटेक्स या नावाने ओळखली जाणारी ही कंपनी २००८ साली डेल्टा कॉर्प झाली. मांडवीतील एकेक जहाज तिच्या ताब्यात येत गेले. सिक्कीमने २००२ साली कॅसिनोंचा कायदा केला होता. गंगटोक तिला खुले झाले. पुढे काठमांडूही आले. दमणला २०१४ साली कॅसिनोचा परवाना हाती नसतानाच भव्य हॉटेल उभारण्यात आले. जहाजावर न येणाऱ्यासाठी दूरध्वनीच्या पडद्यावरील पत्त्यांचा डावही तिने विकत घेतला. कारखानदार वाढतो तो यंत्रे व मजूर वाढवून. या धंद्याची वाढ मात्र सर्वस्वी सरकारी परवान्याच्या कागदावर अवलंबून असते. परवाना हेच येथे खरे भांडवल आहे.

म्हणूनच नियमन कोण करतो, हा कळीचा मुद्दा ठरतो. गोव्यात २०१२ साली कायद्यात दुरुस्ती होऊन प्रवेशावर निर्बंध व त्यासाठी नियामक अधिकारी यांची तरतूद झाली. अधिकारी नेमण्यास २०२० साल उजाडले; आणि नेमले कोणाला? विक्रीकर गोळा करणाऱ्या खात्याच्या आयुक्तांना! ज्याने तिजोरी भरावयाची त्यानेच लगाम ओढावयाचा, ही व्यवस्था कुंपणाला शेताची राखण देण्यासारखी आहे. १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना या कॅसिनोंत खेळण्यास बंदी झाली. हे कबुलीपत्रच नव्हे काय? आपल्या मतदाराचे घर ज्याने बुडते असे सरकारला वाटते, तेच शेजारच्या राज्यातील कारकुनासाठी व दुकानदारासाठी निरुपद्रवी 'पर्यटन' कसे ठरते?

केंद्राच्या बाजूने पाहिले तर नियमन म्हणजे करवसुली, एवढाच अर्थ उरतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून कॅसिनोवर डावासाठी घेतलेल्या टोकनांच्या दर्शनी मूल्यावर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. त्याआधीच, सप्टेंबर २०२३ मध्ये, मागील वर्षांच्या थकबाकीपोटी कंपनी व तिच्या उपकंपन्यांना मिळून सुमारे १६,८०० कोटी रुपयांच्या मागणीच्या नोटिसा निघाल्या, आणि प्रकरण न्यायालयात गेले. २२ सप्टेंबर २०२५ पासून हा दर ४० टक्के झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने सरसकट बंदी घातली. पडद्यावरचा पैशाचा डाव घातक म्हणून बंद, आणि नदीतला डाव दोनपंचमांश कर भरला की पवित्र! ज्याच्या प्रत्येक डावात सरकारचा इतका वाटा आहे, तो धंदा मंदावावा अशी इच्छा सरकारला कशी होणार?

या सर्वांहून जिव्हारी लागणारी गोष्ट पेडणे तालुक्यातील आहे. मोपाचा विमानतळ झाल्यावर जवळच धारगळ येथे मनोरंजनाचे व निवासाचे प्रचंड संकुल उभारण्याचा घाट कंपनीने घातला. ही जमीन तिळारी प्रकल्पाच्या लाभक्षेत्रातील असल्याने तिला त्यातून वगळण्यावरून वाद पेटला. तिळारी हा महाराष्ट्र व गोवा यांचा संयुक्त प्रकल्प. त्याच्या धरणासाठी दोडामार्गच्या आयनोडे, सरगवे यांसारख्या गावांनी आपली घरे, शेते व देवळे पाण्याखाली जाऊ दिली आणि पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षे हेलपाटे घातले. हा त्याग खालच्या शेतकऱ्याच्या शेतात पाणी यावे म्हणून मागितला गेला होता. त्या पाण्याच्या वाट्याच्या जमिनीवर चैनीचे संकुल उभे करू पाहणे, ही धरणग्रस्तांची उघड फसवणूक आहे.

रोजगाराचे काय, असा प्रश्न विचारला जाईल, आणि तो टाळण्याजोगा नाही. या जहाजांवर व हॉटेलांत अनेक तरुण-तरुणी रात्रपाळीत राबतात. त्यांच्या भाकरीची चेष्टा समाजवादी माणसाने करू नये. परंतु त्या भाकरीची शाश्वती किती? योगायोगाने त्याच १९७६ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या मतदारांनी अटलांटिक सिटी या शहरात कॅसिनोंना कौल दिला. उतरणीस लागलेल्या शहराचे पुनरुज्जीवन होईल, असे त्यांना सांगितले गेले. शेजारच्या राज्यांनी तेच दुकान उघडताच गिऱ्हाईक पांगले. २०१४ या एका वर्षात तेथील चार कॅसिनो बंद पडले व सुमारे आठ हजार कामगार रस्त्यावर आले. जुगार संपत्ती निर्माण करीत नाही. एका खिशातली दुसऱ्या खिशात घालतो. अशा पायावरचा रोजगार शेजाऱ्याच्या एका कायद्याने कोसळतो.

आमचा आक्षेप सोवळ्यातला नाही. आक्षेप आहे तो कायद्याच्या दुटप्पीपणाला. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याखाली आजही पेठेतल्या बोळात मटका घेणारा पकडला जातो. घोड्यांच्या शर्यतीवरील पैज त्याच कायद्यात अपवाद ठरते, आणि राज्य सरकारची लॉटरी १९६९ पासून चालू आहे. गरिबाचा जुगार हा गुन्हा, श्रीमंताचा जुगार हा उद्योग व सरकारचा जुगार हा महसूल, अशी ही त्रिस्तरीय नीती आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. नियामक हा अर्थखात्यापासून स्वतंत्र असावा व त्याचे अहवाल लोकांसमोर यावेत. मांडवी मोकळी व्हावी. सिंचनाच्या लाभक्षेत्रातील एक गुंठाही या धंद्यास मिळू नये. कामगारांना कायम नोकरी, संघटनेचा हक्क व धंदा आटोपल्यास पर्यायी काम मिळावे. आणि महाराष्ट्राने २०२३ साली जे दार बंद केले, ते महसुलाच्या आमिषाने पुन्हा किलकिले होणार नाही, यावर आपण नजर ठेवावी. गोव्याचा धडा हाच आहे की दार एकदम उघडत नाही. आधी एका अपवादाची खिडकी पडते, आणि ती पाडणारे हात सरकारचेच असतात.