कर्ज काढावे की वर्षभर थांबावे?



मागल्या आठवड्यात ब्राह्मणपुरीतल्या एका घरी आम्हाला बोलावणे आले. थोरली लेक बी.एस्सी. झालेली. जळगावच्या विद्यापीठात रसायनशास्त्राची एम.एस्सी. करायची म्हणते. बाप पपईच्या बागांत मजुरीला, माय बचत गटात. समोर एक एकराचा सातबारा काढून ठेवलेला. जमीन गहाण टाकून शेकडा तीनने पैसे उचलायची बोलणी झाली होती. मामाचे म्हणणे वेगळे. पोरीने आधी नोकरी करून पैसे साठवावेत, मग शिकावे. बाप म्हणाला, "भाऊ, तुम्ही हिशेबातले माणूस. तुम्हीच सांगा."

आम्ही बाबासाहेबांच्या शिक्षणाचा जमाखर्च मांडला. बाबासाहेब विलायतेत शिकले हे आपल्या घरात लहान पोरही सांगते, पण पैसा कसा उभा राहिला ते फारसे कोणी सांगत नाही. १९१३ साली बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. त्याबदली दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. मुदत संपली आणि १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. मात्र निघण्यापूर्वी चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली. १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पगार ४५० रुपये. परळच्या चाळीत राहून काटकसरीने पैसे शिल्लक टाकले. शाहू महाराजांनी मदत केली. तरीही कमी पडले, ते ५,००० रुपये नवल भथेना या पारशी मित्राकडून कर्जाऊ घेतले आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. १९२३ साली डी.एस्सी. झाले.

म्हणजे बाबासाहेब थांबलेही आणि कर्जही काढले. पण थांबले ते परतीची तारीख ठरवून. आणि कर्ज किती? ४५० ने भागा. अकरा महिन्यांच्या पगाराएवढे.

मामांना आम्ही आमचेच उदाहरण दिले. बी.कॉम. झाल्यावर कर्जाला भिऊन आम्ही एम.कॉम. एक वर्ष पुढे ढकलले आणि कारकुनी धरली. ते वर्ष अजून संपलेले नाही. मुलीच्या बाबतीत तर वर्षभराने एम.एस्सी.ची नव्हे, लग्नाची बोलणी निघतात. माय हे ऐकून मान हलवीत होती, बोलली मात्र काही नाही.

मग या घरचा हिशेब केला. उत्पन्न अडीच लाखांच्या आत, तेव्हा मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचाच. सरकारी वसतिगृहाचा अर्जही, आणि तिथे नंबर लागला नाही तर स्वाधार योजनेचा. पण हे पैसे उशिरा येतात आणि मेसवाला थांबत नाही. महिना ६,००० धरले तर वीस महिन्यांचे १,२०,०००. एवढी रक्कम शेकडा तीनने उचलली तर दोन वर्षांत नुसते व्याज ८६,४००, आणि जमीन अडकलेली ती वेगळीच. बँकेचे शैक्षणिक कर्ज दहा टक्क्यांनी धरले तरी दोन वर्षांचे व्याज २४,०००. ते हप्त्याहप्त्याने उचलले की त्याहून कमी. चार लाखांपर्यंत बँकेला तारण मागता येत नाही, पालक सहकर्जदार झाले की पुरे. परतफेड अभ्यासक्रम संपून वर्ष उलटल्यावर. खोली, मेस, पुस्तके, सगळे त्यात बसते. पुष्कळांना वाटते बँक फक्त फी देते.

आता पगार. तिच्या कॉलेजातून पुढे एम.एस्सी. करून गेलेल्या दोन मुली अंकलेश्वरच्या कारखान्यांत पंधरा हजारांवर लागल्या आहेत. त्या मानाने १,२०,००० म्हणजे आठ महिन्यांचा पगार. बाबासाहेबांच्या अकरापेक्षा कमीच. हेच कर्ज तीन-चार लाखांवर गेले असते, एखाद्या खाजगी संस्थेच्या चकचकीत पदवीसाठी, तर आम्हीच मामाच्या बाजूने बसलो असतो.

बापाचा प्रश्न राहिलाच. "नोकरी नाही लागली तर?" ती भीती खोटी नाही. आम्ही एवढेच म्हणालो की तेव्हाही एकर तुमच्याच नावावर असेल.

सातबारा पेटीत परत गेला. माय म्हणाली, पहिल्या दोन महिन्यांचे मेसचे पैसे गटातून उचलते. सोमवारी बाप-लेक गुणपत्रके, उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला घेऊन शहाद्याला बँकेत जाणार आहेत. आम्ही अर्धा दिवस रजा टाकली आहे. मामाही येतो म्हणाले.