आपल्यामागे याचं कोण?

बोईसरहून पहाटेची लोकल पकडून मुलाला थेरपीसाठी मुंबईला नेणाऱ्या आया दिसतात. अब्बू तारापूर एमआयडीसीत रात्रपाळीला, त्यामुळे सोबत कुणी नसतं. शादीत बँड वाजला, मूल कान झाकून ओरडलं, की बायका म्हणतात, "साया आहे, झाडून घ्या." भगिनींनो, स्वमग्नता म्हणजे साया नव्हे! नेत्रहीन सहाबी हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मकतूम (रजि.) मदिनेत फजरची अजान देत. त्यांना कुणी घरी बसवून ठेवलं नाही.

२०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, स्वमग्नताही त्यात आली. यूडीआयडी कार्ड काढा. स्वमग्न, मतिमंद, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांग असेल तर राष्ट्रीय न्यासाचा 'निरामय' विमा घ्या. वर्षाला १ लाखापर्यंत, थेरपीचाही काही खर्च मिळतो. आणि मूल १८ वर्षांचं झालं की आईबापसुद्धा कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. या मुलांच्या पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे, म्हणजे आपल्या पालघरलाच, अर्ज करावा लागतो. अब्बू-अम्मी धडधाकट असतानाच तो करा.

बाकी, पुढच्या दावतीत त्या आईला निवांत जेवू द्या. तेवढा वेळ मुलाला घेऊन तुम्ही अंगणात बसा.